पाठचा भाऊ

‘मी कोण?’ असं त्यानं विचारलंच नव्हतं.

किती वेळा सांगायचं? जो उठतो तो हा किस्सा सांगतो आणि सुरुवातच चुकवतो. म्हणे एक नट फकिराकडं गेला, हात जोडले आणि म्हणाला, बाबा, मी कोण? असलं बोलायला तो काय कीर्तनकार होता? माझे दात गेलेत, दोन घास खाऊन गप पडायचं माझं वय. तर पुन्हा आपलं ‘आजोबा, तुम्हीच सांगा, तुम्हाला नीट माहीत आहे.’ माहीत आहे. म्हणून तर राग येतो. सांगतो एकदाच. मध्ये कुणी बोलायचं नाही.

त्यानं विचारलं होतं, “बाबा, आज तोंड फिरवू का नको?”

“कुठं?”

“कॅमेऱ्याकडं.”

दस्तगीरबाबा तीन दगडांच्या चुलीवर चहा उकळत बसले होते. त्यांनी वर बघितलं नाही. फडक्यानं भगुलं धरलं आणि जाळाला फुंकर मारली.

“तोंड तुझं, कॅमेरा त्यांचा. मला कशाला इचारतोस?”

कोल्हापुरात पिच्चरवाल्यांची वर्दळ होती त्या काळातली ही गोष्ट. स्टुडिओच्या मागच्या भिंतीला चिकटून बाबांचा तकिया होता, म्हणजे फकिराची राहायची जागा. करंजाचं एक झाड, त्याखाली हिरव्या चादरीचं थडगं, वर पत्रा आणि बाबा. बाबांनी जन्मात एक पिच्चर बघितला नव्हता, पण ऐकले सगळे होते. भिंतीपलीकडं शूटिंग चालायचं आणि अलीकडं बाबा लोकांना तावीज बांधत बांधत ऐकायचे. कोण मेला, कोण परत आला, सगळं तोंडपाठ.

एकदा त्यांना आतसुद्धा बोलावलं होतं. पिच्चरात फकीर पाहिजे होता. बाबा भिंतीला वळसा घालून गेले. डायरेक्टरनं खालून वर बघितलं आणि म्हणाला, हा फकीर वाटत नाही, दुसरा आणा. मग गेटावरच्या पानवाल्याला दाढी चिकटवली. बाबा परत येऊन पोट धरून हसत होते. “पानवाला माझ्यापरीस बरा फकीर झाला,” म्हणाले. “मी बी त्याच्याकडनं दुवा मागून आलो.”

तर असे हे बाबा. आणि विचारणारा होता कृष्णात पोवार.

कृष्णातला पाठीवरून अख्खा महाराष्ट्र ओळखत होता आणि तोंडावरून गल्लीबाहेरचं कुत्रंसुद्धा नाही.

ते कसं, हे आधी समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. त्या वेळी इंद्रराज म्हणून हिरो होता. जुळ्या भावांचे पिच्चर करावेत तर त्यानंच. दोन्ही भाऊ तोच. दोघं लांब लांब उभे असले की भिंगापुढं अर्धा काळा कागद लावायचे. आधी इकडचा भाऊ काढायचा, मग कपडे बदलून तिकडचा. पण एकानं दुसऱ्याची गचांडी धरली किंवा दोघं गळ्यात पडले, तर काळा कागद काय करणार? तिथं खरं अंग लागतं. ते अंग कृष्णातचं. एका भावाचं तोंड दिसतं तेव्हा दुसऱ्या भावाची पाठ दिसते ना? ती पाठ कृष्णातची. मग कॅमेरा पलीकडं न्यायचा, कपड्यांची अदलाबदल करायची आणि पहिल्या भावाची पाठ, तीही कृष्णातचीच. तोंडं दोन्ही त्याची, पाठी दोन्ही याच्या.

इंद्रराज चेष्टेनं सगळ्यांना सांगायचा, “हा माझा पाठचा भाऊ.” सगळा सेट हसायचा. कृष्णातही हसायचा. त्या दिवशी घरी जाऊन जेवायचा नाही.

तर त्या दुपारी तो तकियावर आला तेव्हा त्याच्या काखेत कागदाची एक गुंडाळी होती आणि शर्टाची एक बाही पांढरीफेक झाली होती.

बाबांनी दोन्ही बघितलं. गुंडाळीबद्दल विचारलं नाही. बाहीबद्दल विचारलं.

“हे काय?”

“खळ हाय. पोस्टर चिकटवायची.”

“तू कवापास्नं पोस्टर चिकटवतोस?”

“मी न्हाई. पोस्टरवाल्याची गचांडी धरली सकाळी. गेटापाशी. बादली सांडली त्याच्या अंगावर.”

“त्यानं काय केलं हुतं?”

कृष्णातनं गुंडाळी घट्ट धरली.

(पोस्टरवाला कोण, ते आत्ता सांगत नाही. आधी सांगितलं तर तुम्ही गोष्ट सोडून त्याच्याच तोंडाकडं बघत बसाल.)

“बरं,” बाबा म्हणाले, “तोंडाचं बोल.”

“आज मिठीचा शॉट हाय बाबा. दोघं भाऊ भेटत्यात आन् मागं घर जळतंय. खरंच जाळणार हाईत. सुतारांनी लाकडाचं उभं केलंय. एकदाच जळणार. दुसऱ्यांदा घेता येत न्हाई.”

“मग?”

“त्याचं तोंड माझ्या खांद्यावर असणार. माझी पाठ कॅमेऱ्याकडं. मी नुसती मान वळवायची. एवढीच. जळत्या घराच्या उजेडात माझं तोंड येणार. घर तर गेलं, त्यांना काय करता येणार? कापलं तर मिठी गेली. ठेवावंच लागंल.”

“आन् उद्या?”

“उद्या मला कोण बोलावतंय! गेलो परत गूळ मार्केटात.”

“हमाली करायला?”

कृष्णातनं डावा खांदा चोळला. तो खांदा उजव्यापेक्षा चांगला चार बोटं खाली होता. “आता ढेप उचलत न्हाई,” तो म्हणाला. “गेलाय खांदा.”

“म्हंजे जेवायचे वांदे.”

“असू देत.”

“आन् घरात बायको हाय.”

कृष्णातच्या जबड्याची शीर उडाली. “असू दे,” तो म्हणाला. ते निराळ्याच आवाजात.

बाबांनी चहात गूळ टाकला. “घर दिवस मावळताना जळायचं हाय,” ते म्हणाले. “तू दुपारीच पेटलास.”

“पेटू नको तर काय करू? बाबा, तो माझ्या खांद्यावर रडतो. शर्ट माझा भिजतो. आन् टाळ्या त्याला! गेल्या वर्षी तर मला इतका राग आला, मी मिठीत त्याला चिमटा घेतला. बरगडीला. करकचून.”

“मग?”

“मग काय! खरंच पाणी आलं त्याच्या डोळ्यांत. डायरेक्टर म्हणाला, वा! सगळी उठून उभी राहिली. पेपरात छापून आलं, असं रडणारा नट झाला न्हाई म्हणून.”

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

“हसा. तुम्ही बी हसा.”

“न्हाई हसत. सांग.”

“ह्यो खांदा बघितला? मार्केटात ढेपा वाहून पडला. पाठीच्या शॉटात पडका दिसायला लागला, तर डायरेक्टर काय म्हणाला म्हाईत हाय? इंद्रराजला म्हणाला, साहेब, तुम्ही बी डावा खांदा जरा पाडा, म्हंजे जुळंल. तवापास्नं तो खांदा पाडून चालतो. आन् आता? गावातली समदी पोरं खांदा पाडून चालायला लागल्यात! म्हणत्यात, इंद्रराजची श्टाइल! माझा खांदा हाय त्यो! माझा!”

बाबांनी चहा दोन पेल्यांत ओतला. एक त्याच्यापुढं सरकवला.

“तुला कुठनं मिळाला?”

“काय?”

“खांदा.”

“सांगितलं की. गुळाच्या ढेपांनी.”

“मग गुळानं कुणाच्या दारात जाऊन बोंब मारायची?”

कृष्णातनं पेला उचलला. पुन्हा खाली ठेवला.

…

भिंतीपलीकडं हातोड्यांचा आवाज चालला होता. खोट्या घराला शेवटचे खिळे मारत होते.

“तुला तोंड दाखवायचंय,” बाबा म्हणाले. “का?”

“का म्हंजे? माणूस म्हंजे तोंड. तोंडावरनं ओळखत्यात माणसाला.”

“असं व्हय? मग मला एक सांग. मी आपला भिंतीआडनं ऐकणारा, चुकलं तर सांग. त्या एका पिच्चरात हिरोच्या डोक्यात फळी पडली.”

“पडली.”

“सगळं इसरला.”

“आई, बायको, गाव. स्वतःचं नाव बी.”

“आठवलं कवा?”

“परत फळी पडली तवा.”

“मधल्या काळात जेवत हुता?”

“जेवत हुता की. एक गाणं बी म्हणलं.”

“कोण जेवत हुता?”

“हिरो!”

“त्याला तर म्हाईतच न्हवतं तो कोण त्ये.”

“पर तोंड तेच हुतं की!”

“तोंड तेच हुतं. मग बायको रडत का हुती?”

कृष्णातनं कपाळाला आठ्या घातल्या.

“बरं, सोड. ते जत्रेत चुकलेलं पोरगं. मोठं होऊन आलं. आईनं कशावरनं वळखलं? तोंडावरनं?”

“न्हाई. तोंड कसं वळखायचं, तान्हं हुतं. गळ्यात तावीज हुता त्याच्यावरनं.”

“आन् तो तावीज दुसऱ्याच कुणाच्या गळ्यात असता तर?”

“तर… तर तिनं त्यालाच मिठी मारली असती.”

बाबांनी बाजूच्या टोपलीत हात घातला. काळ्या दोऱ्यांचे तावीज खुळखुळले.

“मी रोज ढिगानं बांधतो,” ते म्हणाले. “कुणाकुणाची किती पोरं इकडची तिकडं झाली असतील, अल्ला जाणे.”

आता खरं सांगायचं तर इथं कुणालाही हसू येईल. कृष्णातला आलं नाही. ज्याच्या पोटात असलं काही धुमसत असतं ना, त्याला दुसऱ्याचं हसणं म्हणजे आपल्यावरच हसणं वाटतं. त्याला वाटलं, म्हातारा आपल्याला खेळवतोय. सगळे खेळवतात. इंद्रराजवर छत्री धरतात, आपल्याला उन्हात उभं करून मानेला पावडर लावतात. त्याला साहेब म्हणतात, आपल्याला ‘ए डुप्लिकेट’. आणि आता हा फकीरही कोडी घालतोय.

तो ताडकन उठला.

“मी आलो सरळ एक गोष्ट इचारायला,” तो म्हणाला. “तुम्हाला सांगायची नसंल तर ऱ्हायलं.”

आणि चालू लागला. डावा खांदा पाडून, गुंडाळी काखेत मारून, भिंतीकडेनं.

“कृष्णात!” बाबांनी हाक मारली.

तो चालत राहिला.

“अरे ए कृष्णात!”

तो चालत राहिला. रागानं नव्हे हं. खोटं का बोला? त्याला ऐकूच आलं नाही. म्हणजे कानात गेलं, पण कुणाला तरी हाक मारतायत असं वाटलं.

बाबांनी पेला खाली ठेवला आणि साध्या आवाजात म्हणाले, “इंद्रराज.”

कृष्णात वळला.

वळला आणि तिथंच थांबला. करंजाची सावली त्याच्या पायांपर्यंत होती. पलीकडं कुणीतरी हातोडा आपटून शिवी दिली.

…

मग तो हळूहळू परत आला आणि मघापेक्षा जरा लांब बसला.

“सवय,” तो म्हणाला. “सेटवर त्याला हाक मारली की मला बी उभं ऱ्हावं लागतं. तो आला की मी जाग्यावर पाहिजे.”

“तुला नावानं कोण हाक मारतं?”

कृष्णातनं आठवून बघितलं. “आई मारायची. ती गेली.”

“बायको?”

“काय बाबा, बायको कुठं नाव घेतीय नवऱ्याचं? लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. आता आपलं ‘आवं’ म्हणती. न्हाईतर भांडं वाजवती.”

“म्हंजे तुझं नाव आत्ता मीच घेतलं. आन् तू वळला न्हाईस.”

कृष्णातनं मान खाली घातली. बराच वेळ खळ लागलेली बाही नखानं खरवडत बसला. पापुद्रे निघत होते.

आणि मग, जे सांगायला तो खरं तर आला होता, ते बाहेर आलं.

“बाबा, बाकीचं समदं मी सोसलं असतं. टाळ्या त्याला, छत्री त्याला, खांदा बी घे म्हणलो असतो. पर तो माझ्या घरात आलाय.”

“कोण?”

कृष्णातनं गुंडाळी पुढं फेकली. ती बाबांच्या पायाशी घरंगळत आली.

“गेल्या वर्षीच्या पिच्चरचं पोस्टर. हौसानं, माझ्या बायकोनं, आणून लावलंय. सैपाकघरात. चुलीच्या वर, दिवा ठेवतो तिथं. एवढं मोठं. पोस्टरवाल्याकडनं मागून घेतलं म्हणं. म्हणून धरली त्याची गचांडी. माझ्या बायकोला परक्या पुरुषाचं चित्र द्यायचं त्याला काय कारण?”

“चित्रं देवाची बी असत्यात की घरात.”

“देवाला कुणी रोज पदरानं पुसत न्हाई! ही पुसती. रोज दिवा लावला की. मी जेवत असतो, मला आवाज येतो पदराचा. कागदावरनं सुर्र, सुर्र. हळू. तान्ह्या पोराचं तोंड पुसावं तसं.” त्याचा आवाज फाटला. “माझ्या पुढ्यात, बाबा. मी हमाल हुतो, डुप्लिकेट झालो, माझं तोंड कुणाला दिसंना, चालतंय. पर तिला तरी दिसायला पाहिजे का नको? तिला बी तोच पाहिजे?”

“तू तिला इचारलंस?”

“आज सकाळी फाडून काढलं भिंतीवरनं. अंधारातच. ती म्हणाली, ‘आवं, फाडू नका, त्यात…’ पुढचं ऐकायला मी थांबलो न्हाई.”

“त्यात काय?”

“तो! आणि काय असणार?”

“तू बघितलंस?”

“काय?”

“पोस्टर.”

“मी? मी त्याचं थोबाड कशाला बघू? मी त्याच्याकडं पाठ करून जेवतो.”

बाबांनी चहाचा शेवटचा घोट घेतला. पेला उपडा ठेवला. मग गुंडाळी उलगडली, चटईवर पसरली आणि चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. आणि डोळे मिटले.

“मी पिच्चर ऐकणारा माणूस,” ते म्हणाले. “बघणारा न्हवं. तू बघ आन् मला सांग. काय काय हाय?”

कृष्णातला नकोसं झालं. पण बाबा डोळे मिटून बसलेच होते.

“दोघं भाऊ हाईत,” तो म्हणाला. “एक ठाणेदार, एक दरोडेखोर. समोरासमोर.”

“ठाणेदार कसा हाय?”

“तो इंद्रराज हाय. तोंड पुढं. कमरेला पट्टा. हातात बेडी.”

“तोंड कसं दिसतंय?”

“तोंड…” कृष्णात वाकला. “काळं.”

“रंग तसा हाय?”

“न्हाई. धूर बसलाय. चुलीचा.”

“डोळे?”

“दिसत न्हाईत.”

“नाक?”

“काजळी हाय समदी. माश्या बसून बसून ठिपके पडल्यात.”

“म्हंजे पुसत न्हाई ती.”

“रोज पुसती बाबा! मी कानानं ऐकतो!”

“मग बघ की. कुठं पुसती?”

कृष्णात गुडघ्यांवर आला. चित्राच्या या बाजूला, अगदी पुढं, दरोडेखोर भाऊ होता. पाठमोरा. शर्ट फाटलेला, खांदा उघडा. डावा खांदा. चार बोटं खाली.

तिथं धूर नव्हता. माशीचा ठिपकासुद्धा नव्हता. सगळ्या कागदावर काजळी आणि ती पाठ तेवढी लख्ख. पुसून पुसून रंग उडाला होता. मानेवर, पाठीवर कागद पांढरा पडला होता. आणि त्या पडक्या खांद्यावर तर इतका विरला होता, इतका, की खालच्या चटईची वीण दिसत होती.

त्यानं तिथं बोट ठेवलं. बोट आरपार गेलं.

…

बाबांनी डोळे उघडले नाहीत. “आणि काय हाय?” त्यांनी विचारलं.

हातोडे थांबले होते. भिंतीपलीकडनं कुणीतरी ओरडलं, “ए डुप्लिकेट! कुठं उलथलास? पावडर लावायचीय मानेला! साहेब तयार हाईत!”

कृष्णात उठला. पुन्हा बसला. दगड बाजूला केले, पोस्टर गुंडाळलं. मघाशी फेकलं होतं, आता मात्र भोक पडलेल्या जागी हात धरून सावकाश गुंडाळलं आणि बाबांच्या मांडीवर ठेवलं. “माघारी जाताना नेतो,” म्हणाला. बाहीनं तोंड पुसलं. खळ गालाला लागली.

चार पावलं गेला. थांबला. वळला नाही. पाठमोराच उभा राहून त्यानं विचारलं, “बाबा, मग तोंड फिरवू का नको?”

बाबा चूल विझवत होते.

“फिरव की,” ते म्हणाले. “पर मग तिनं पुसायचं काय?”

…

झालं. एवढंच आहे. ह्याच्यात ‘मी कोण’ कुठं आलं?

घर जळलं. मिठी झाली. गावोगावच्या जत्रेत तंबूत तो पिच्चर अजून लावतात. जाऊन बघा त्या मिठीत काय दिसतं ते, माझं डोकं खाऊ नका.

आता पोस्टरवाला. तो मी. तकियावरचं सगळं नंतर बाबांनीच मला सांगितलं. शाळेत फार गेलो नाही, पोस्टरवरची अक्षरंसुद्धा चित्रं बघावीत तशी बघत आलो, पण कुठलं चित्र कुणाला पाहिजे ते मला कळायचं. हौसावहिनी गेटापाशी आल्या तेव्हा मी चांगली तीन-चार पोस्टरं काढून दाखवली होती त्यांना. इंद्रराज हसतोय, इंद्रराज घोड्यावर, इंद्रराज पावसात. त्यांनी सगळी बाजूला सारली. पदर तोंडाला लावून म्हणाल्या, “भाऊजी, पाठमोऱ्याचं असंल तर द्या.” म्हणून ते दिलं. मला सरळ विचारलं असतं तर तिथंच सांगितलं असतं, फकिराच्या दारात जायची गरजच नव्हती. पण विचारायच्या आधी गचांडी! भरली बादली माझ्या अंगावर! दिवसभर मी वाळून कडक झालेल्या विजारीत पोस्टरं चिकटवत हिंडलो.

अजून रोज सकाळी रंकाळ्यावर तो माझ्यापुढं चालत असतो. म्हातारा झालाय, पण खांदा तसाच, चार बोटं खाली. मला ओळखायला तोंड लागत नाही. मी मागनं हाक मारतो, नावानं, मोठ्यानं. वळत नाही. ऐकू येत नाही की माफी मागावी लागेल म्हणून वळत नाही, ते त्याचं त्याला ठाऊक. पण माझ्या बादलीची माफी अजून बाकी आहे, आणि ती त्यानंच मागायची आहे… कृष्णात पोवारनं.